दिवाणखान्याचा दवाखाना

शेरेसाहेबांचा दिवाणखाना सोळा फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहे, ही गोष्ट त्यांना स्वतःला पस्तीस वर्षं माहीत नव्हती. पालिकेच्या इमारत परवानगी विभागात अख्खी नोकरी काढलेला माणूस. शहरातल्या निम्म्या घरांचे नकाशे त्यांनी नाकाशी धरून तपासले होते, पण आपल्या घराला टेप लावायचं कधी त्यांच्या मनात आलं नाही. ती टेप एका रविवारी सकाळी चौरसफूट नावाच्या गृहस्थाने लावली. हे अर्थात त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. तो जागांचा दलाल होता आणि कुठल्याही घरात शिरला की 'कसं काय' म्हणायच्या आधी खोलीचं क्षेत्रफळ सांगायचा, म्हणून गल्लीने त्याला ते बहाल केलं होतं. शेरेसाहेब हेही तसंच. समोर आलेल्या फायलीवर एखादा तरी शेरा मारल्याशिवाय साहेबांना अन्न गोड लागत नसे. 'पुन्हा सादर करावे', 'खुलासा घ्यावा', 'जिना कुठे आहे ते कळत नाही' अशा शेऱ्यांनी त्यांनी तेहतीस वर्षं शहराची वाढ शक्य तितकी थोपवून धरली. तरी शहर वाढलंच. त्याचं त्यांना अजूनही थोडं वाईट वाटतं.

"एकशे शहात्तर," चौरसफूट म्हणाला, आणि खुर्चीत बसून त्याने शहराचं भविष्य सांगायला घेतलं. ऑफिसांच्या जागा ओस पडत चालल्या आहेत, दुकानांचे गाळे रिकामे आहेत, पण दवाखान्याच्या जागेला मरण नाही, कारण दुखणारा दात फोनवरून काढता येत नाही. मोठी हॉस्पिटलं आता मध्यवस्तीत वाढत नाहीत, ती रिंग रोडकडे सरकतायत आणि डॉक्टरमंडळी त्यांच्या मागोमाग. डॉक्टर भाडेकरू एकदा बसला की हलत नाही. नळ, बेसिनं आणि एक्स-रेची शिशाची भिंत एवढं सगळं बसवल्यावर बिचारा हलणार कुठे? शिवाय आता जमाना एका छपराखाली सगळं मिळण्याचा आहे. तळाला रक्त तपासायचं, वर दात, त्याच्यावर त्वचा आणि सगळ्यात वर डोळे. एकट्यादुकट्या दवाखान्याचे दिवस संपले. मात्र रस्त्यावरून थेट आत शिरता येईल अशी तळमजल्याची खोली असेल, तर तिच्यासाठी लोक रांग लावतील, कारण गुडघा दुखणारा माणूस जिना चढत नाही. एवढं बोलून त्याने दिवाणखान्याकडे अशा मायेने पाहिलं, की साहेबांनी नकळत आपली खुर्ची थोडी मागे ओढली.

साहेबांना रांग नको होती. त्यांना एकच डॉक्टर हवा होता, आणि तो समोरच्याच इमारतीत होता.

हा समोरचा दवाखाना ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही, तरी सांगतो. स्प्रिंगची दोन अर्धी दारं, ती ढकलली की मागून येणाऱ्याच्या नाकावर आपटायची. आत लांब बाक, त्याच्या एका टोकाला वजनाचा काटा. त्या काट्यावर अख्ख्या गल्लीची पोरं चढून चढून मोठी झाली. स्पिरिटचा वास. मिक्श्चरची बाटली आणि तिच्यावर चिकटवलेली कागदाची पट्टी. त्या पट्टीला कात्रीने अशा खाचा पाडलेल्या असायच्या, की न वाचता येणाऱ्यालाही किती प्यायचं ते कळावं. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांकडे एक वेगळी, अतिशय कडू बाटली होती. ती नुसती टेबलावर ठेवली तरी मूल बरं होऊन शाळेत जायचं. त्या काळी शहर पाण्याच्या टाकीपाशी संपायचं आणि टाकीच्या पलीकडे कुणी आजारी पडत असेल, असं गल्लीत कुणाला वाटत नसे.

साहेब तिथे पहिल्यांदा गेले ते खोकल्यासाठी. खोकला चार दिवसांत गेला, जाणं राहिलं. ऑफिस सुटलं की घरी न येता आधी दवाखाना, वेळ सात. तोवर बाक रिकामा झालेला असायचा. डॉक्टर चहा मागवायचे. मग डॉक्टर म्हणायचे, आज गर्दी होती. साहेब म्हणायचे, आमच्याकडेही. यावर दोघं थोडा वेळ विचार करायचे आणि आठला उठायचे. एकतीस वर्षं हेच चाललं. साहेब निवृत्त झाल्यावर 'आमच्याकडेही' हे उत्तर तेवढं बंद पडलं, बाकी सगळं तसंच. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला आपला मित्र म्हटलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

आता ती इमारत पडणार होती आणि तिच्या जागी नऊ मजल्यांचा मेडिकल टॉवर येणार होता. डॉक्टरांना सहाव्या मजल्यावर जागा देऊ केली होती. तिचं भाडं ऐकून डॉक्टर हसले होते, आणि ते सहसा हसत नसत. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांतच ते राहायचे. पत्नी जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी परगावी होती आणि बाबा इकडे या म्हणून मागे लागली होती. "दवाखानाच नसला तर इथे राहून करू काय?" असं डॉक्टर एका संध्याकाळी चष्मा पुसत म्हणाले. साहेबांना त्यावर उत्तर सुचलं दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना. आपला दिवाणखाना डॉक्टरांना द्यायचा. त्याच दिवशी सातला त्यांनी ही योजना मांडली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ते म्हणाले, "बरं. तुमची इच्छा असेल तर." साहेबांच्या मते हा आनंदाचा कळस होता. डॉक्टरांचा स्वभावच मितभाषी.

घरी वहिनींचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा, स्वभाव मितभाषी नव्हता. त्यांना गल्लीत सगळेच वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. पाहुणे आले की बसवायचे कुठे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. साहेब म्हणाले, स्वयंपाकघरात. वहिनींनी हातातली चाळणी खाली ठेवली, नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा उचलली. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला या हालचालीचा अर्थ कळतो, पण साहेब तोवर पालिकेत निघाले होते.

राहत्या घरात दवाखाना काढायचा तर जागेच्या वापरात बदल करायची परवानगी लागते, हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच ते निर्धास्त होते. आपलंच ऑफिस. आत गेलं की शिपाई खुर्ची पुढे करेल, दोन जुने सहकारी चहा पाजतील, तासाभरात काम. पण ऑफिस आता काचेच्या इमारतीत गेलं होतं. शिपायाच्या जागी एक यंत्र होतं आणि त्याने साहेबांना खुर्ची न देता एकशे बारा नंबर दिला. अडीच तासांनी साहेब खिडकीपाशी पोहोचले. आत एक तरुण अधिकारीबाई होत्या. त्यांनी साहेबांना ओळखलं नाही, आणि साहेबांनी दोनदा घसा खाकरून त्यांना दिलेली संधीही त्यांनी घेतली नाही. त्यांनी एक जुनं परिपत्रक पुढे सरकवलं. निवासी जागेतील दवाखान्याबाबत, अटी चौदा.

पहिली ओळ वाचताच साहेबांना घाम फुटला. हे लिखाण त्यांचंच होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी वरिष्ठांनी त्यांना या विषयावर परिपत्रक करायला सांगितलं होतं. साहेबांनी पाच अटी लिहून नेल्या. वरिष्ठ म्हणाले, पाच अटींत परिपत्रकाला वजन येत नाही, दोन पानं तरी भरू द्या. साहेब टेबलाशी परत आले आणि दुपारभर डोक्यात येईल ते लिहीत बसले. उंबऱ्यापर्यंत रॅम्प, एक फूट चढाला बारा फूट लांबी. घरापासून पूर्ण वेगळा दरवाजा. कोपराने उघडता येईल असा नळ. त्याच वेळी खालच्या कँटीनमध्ये कांदा भाजत होते, म्हणून अट नववी: प्रतीक्षा कक्षात निवासी स्वयंपाकाचा वास येता कामा नये. मग अर्जदाराने चाकाच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या हातांनी, अधिकाऱ्यासमक्ष रॅम्प चढून दाखवावा. आणि शेवटची, ज्या अटीवर त्या वेळी त्यांची पाठ थोपटली गेली होती: वरीलपैकी कोणतीही अट शिथिल करण्याचा अधिकार कोणासही नाही.

"यातली एखादी अट आता जुनी झाली असेल, नाही का?" साहेबांनी विचारून पाहिलं.

"कुणी लिहिलंय कोण जाणे," बाई म्हणाल्या, "पण फार डोकं लावून लिहिलंय. एवढी वर्षं बघतेय, एक पळवाट सापडत नाही."

नोकरीत इतकं मनापासून कौतुक साहेबांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते नेमकं गप्प बसून ऐकून घ्यावं लागलं. ते कुणी लिहिलंय हे सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण आपल्याच खड्ड्यात पडलेल्याने खड्डा मीच खणला म्हणून सांगत सुटू नये, एवढा पोच त्यांना होता. ते परिपत्रकाची प्रत घेऊन घरी आले.

सुरुवात शेजाऱ्यांच्या संमतीपासून झाली, कारण ती अट पहिली होती आणि साहेब क्रमाने जाणारे होते. तळमजल्यावरच समोरच्या दारात राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी संमतिपत्र वाचून त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि स्वच्छ प्रत घेऊन या म्हणाल्या. पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं म्हणणं पडलं, की काढायचाच तर दाताचा काढा, दातात भवितव्य आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला माणसांच्या डॉक्टरबद्दल काहीच अडचण नव्हती, मात्र आठवड्यातून एकदा मांजरांचाही बसला तर बरं, असं त्यांनी सुचवलं. साहेबांनी प्रत्येक सूचना गंभीरपणे ऐकून घेतली आणि 'विचारार्थ ठेवली' म्हणून सांगितलं. सह्या मिळायला सोळा दिवस लागले.

मग मिस्त्री आला. घराला तीन पायऱ्या, एकेक सहा इंचांची, म्हणजे चढ दीड फुटाचा. परिपत्रकाच्या हिशेबाने रॅम्प अठरा फूट लांब हवा. अंगण अकरा फूट. मिस्त्रीने टेप गुंडाळली आणि उरलेले सात फूट रस्त्यावर काढायचे का, असं थंडपणे विचारलं. हे असलं गणित ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधी विटेला हात लावलेला नाही, असंही तो म्हणाला. साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी रॅम्प कोपऱ्यावरून वळवून मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीखालून न्यायचं ठरलं. त्यासाठी बाईंची कुंड्यांची रांग हलवावी लागली, त्यासाठी आणखी एक संमतिपत्र लागलं आणि तेही लाल होऊन परत आलं.

इकडे दिवाणखान्याचं घराशी असलेलं दार विटांनी चिणलं गेलं. आता स्वतःच्या घरात शिरायचं तर इमारतीला वळसा घालून मागच्या बोळातून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखालून वाकून स्वयंपाकघरात यावं लागे. पोस्टमन दोन दिवस पत्ता शोधत होता. वहिनींची बहीण आली, ती गॅसशेजारी स्टुलावर अर्धा तास बसली आणि तुमचं सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारून गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत हे पाहून साहेबांना वाटलं, चला, एक बाजू तरी मार्गी लागली.

आणि या सगळ्या काळात सात वाजता साहेब डॉक्टरांकडे जाऊन प्रगती सांगत. पूर्वी दोन वाक्यांत संपणाऱ्या संभाषणाला आता तास पुरत नव्हता. पडदा कुठल्या रंगाचा हवा? डॉक्टर म्हणायचे, कुठलाही. टेबल खिडकीशी की भिंतीशी? तुम्ही म्हणाल तिथे. बाकावर हल्ली दिवसाला चार माणसं असत, त्यांतली दोन नुसती रक्तदाब मोजून घ्यायला यायची. पण साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कोपराने उघडणाऱ्या नळाचं प्रात्यक्षिक करून दाखवत होते.

तपासणीचा दिवस उजाडला. अधिकारीबाई वही घेऊन आल्या. चाकाची खुर्ची साहेबांनी भाड्याने आणली होती. ती त्यांच्या मापाची नव्हती, पण मापाची असावी अशी अट लिहायला ते त्या वेळी विसरले होते. पहिले अकरा फूट त्यांनी झोकात पार केले. वळणावर मात्र डावं चाक कठड्याला घासलं आणि खुर्ची थांबली. नेमकी मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीखाली. बाईंनी खिडकी उघडली, कोपर टेकलं आणि पाठ ताठ ठेवण्याविषयी, दीर्घ श्वासाविषयी आणि एकूणच या वयातल्या उद्योगांविषयी दोन शब्द सांगितले. मान देण्यासाठी साहेबांनी हात जोडले. हात चाकांवरून निघाले आणि खुर्ची मागे निघाली.

ती जोरात गेली असं नाही. बारा फुटांना एक फूट उतार हा मुळात सौम्य असतो, ते परिपत्रकाचं वैशिष्ट्यच आहे. ती सावकाश, मानाने, पाठमोरी अंगणातून फाटकाबाहेर आली, रस्ता ओलांडला आणि भाजीच्या गाडीला टेकून थांबली. साहेबांच्या मांडीवर चार वांगी पडली. गल्लीने हे दृश्य पाहिलं. पाचच मिनिटांत साहेबांचे पाय गेले, ही बातमी दोन्ही टोकांना पोहोचली, आणि माणसं भेटायला येऊ लागली. दिवाणखाना बंद असल्यामुळे ती वळसा घालून थेट स्वयंपाकघरात शिरली. वहिनींनी सवयीने चहाचं मोठं पातेलं चढवलं. पलीकडे नव्या प्रतीक्षा कक्षात अधिकारीबाई नाक वर करून नववी अट तपासत बसल्या होत्या.

या गर्दीतून एक माणूस धावत आला. डॉक्टर कधी धावत नसत. पेशंट कितीही घाबरलेला असो, आपण चालतच जायचं, म्हणजे त्याला धीर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ते घरातल्या चपलांवर, हातात बॅग घेऊन पळत आले होते आणि त्यांना धाप लागली होती. भाजीच्या गाडीपाशी वांगी परत देत असलेले साहेब दोन्ही पायांवर उभे दिसले, तसे डॉक्टर थांबले. बॅग खाली ठेवली. साहेबांचा हात धरून नाडी पाहिली, गुडघे वाकवून पाहिले आणि मग, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत रागावले. या वयात हाड मोडलं तर जुळायला सहा महिने लागतात, आणि कशासाठी हा सगळा खेळ, असं काहीबाही ते बोलले आणि बॅग उचलून परत गेले. साहेब इतके गोंधळले, की ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्या भरात रॅम्प एका दमात चढून गेले. अधिकारीबाईंनी वहीत खूण केली. चहाचा वास आला, पण चहा हा स्वयंपाक नव्हे, असा निर्णय त्यांनी आपल्या जबाबदारीवर दिला.

पुढच्या गुरुवारी परवानगी आली. चौदाच्या चौदा अटींपुढे बरोबरच्या खुणा. शुक्रवारी सातला साहेब तो कागद घेऊन निघाले तेव्हा रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्हीकडे पाहिलंदेखील नाही. दवाखान्यात डॉक्टर जुने केसपेपर सुतळीने बांधत होते. त्यांनी कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला, नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"साहेब, एक सांगू का?" ते म्हणाले. "मला दवाखाना तीन वर्षांपूर्वीच बंद करायचा होता. हात थरथरतो. हल्ली मी इंजेक्शन देतच नाही, तुमच्या लक्षात आलं नसेल. पण सहाला शटर उघडायचो. सातला तुम्ही यायचात ना."

साहेबांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? दार चिणलं, कुंड्या हलवल्या, बायको बोळातून ये-जा करतेय, हे सगळं कुणासाठी?

"तुम्ही रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा असे कामाला लागलेले दिसलात," डॉक्टर म्हणाले. "रंग सुधारला होता तुमचा. लागू पडलेलं औषध मध्येच बंद करत नाहीत."

"आणि मी त्या खुर्चीतून मागे गेलो ते?"

"ते मला आवडलं नाही."

डॉक्टरांनी पुन्हा सुतळी उचलली. मग डॉक्टरांनी सांगितलं, की पंधरा तारखेला मुलगी न्यायला येते आहे, तिने तिकिटंही काढली आहेत. साहेब 'बरं आहे' म्हणाले आणि आठ वाजायच्या आत उठले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बोळातून वाकून ते स्वयंपाकघरात आले आणि गॅसशेजारच्या स्टुलावर बसले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. साहेबांनी झालेलं सगळं सांगितलं. सांगताना डॉक्टर किती आतल्या गाठीचे आहेत यावर त्यांनी बराच भर दिला.

वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. "तुम्हाला दवाखाना हवा होता की डॉक्टर?"

तेहतीस वर्षं साहेबांनी लोकांकडे खुलासे मागितले होते, स्वतः दिला नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले.

"मग तसं त्यांना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? त्यांना कळत नाही का?"

"नाही कळत. तुम्हाला तरी कुठे कळलं ते शटर कशासाठी उघडतात? दोघंही सारखेच. एवढं घर उलटंपालटं केलंत, पण दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. जा आता, आणि उभ्या उभ्या सांगून या."

साहेब गेले. स्प्रिंगचं दार त्यांच्याच पाठीवर आपटलं. डॉक्टर अजून सुतळी बांधत होते. साहेबांनी वाक्याची जुळवाजुळव रस्त्यातच केली होती, त्यात 'एकंदर परिस्थिती पाहता' असेही शब्द होते, पण समोर ती वाकलेली पाठ आणि थरथरणारे हात दिसले आणि सगळं विसरायला झालं.

"जाऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही गेलात तर मला करमणार नाही."

सुतळीचं टोक डॉक्टरांच्या हातातून निसटलं. "इथे राहून करू काय?"

"सातला बसू."

"आणि सहाला?"

"सहाला झोपा. एवढी वर्षं जागेच होतात."

"राहू कुठे?"

"आमच्या दिवाणखान्यात. वेगळा दरवाजा आहे, बेसिन आहे, टॉयलेट आहे. नळ कोपराने उघडतो. स्वयंपाकाचा वास तेवढा येत नाही, पण जेवायला तुम्ही आत यायचं आहे, तुमच्या वहिनींनी सांगितलंय." वहिनींनी यातलं काही सांगितलं नव्हतं, पण त्या हेच म्हणाल्या असत्या, हे साहेबांना ठाऊक होतं.

डॉक्टर हसू लागले. हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला, तो पुसावा लागला, पुन्हा घातला तरी पुन्हा पुसावा लागला. साहेब त्या वेळात वजनाच्या काट्याकडे बघत राहिले. "बरं," डॉक्टर शेवटी म्हणाले, आणि पुढे काही जोडलं नाही.

मुलगी पंधराला आली, दोन दिवस राहिली, नळ उघडून पाहिला आणि एकटीच परत गेली. चिणलेलं दार मिस्त्रीने पुन्हा फोडलं. तेव्हा तो जे काही म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. अडचण एवढीच राहिली, की कागदोपत्री आता तो दवाखाना होता आणि दवाखान्यात कुणाला राहता येत नाही. म्हणजे उलटा अर्ज करणं आलं. तो मंजूर व्हायची वाट न बघता डॉक्टरांची खाट आत आली, आणि साहेबांच्या आयुष्यातला हा पहिला बेकायदा वापर गल्लीतल्या सगळ्यांनी चहा पिऊन साजरा केला.

सोमवारी साहेब पुन्हा त्या काचेच्या इमारतीत गेले, नंबर घेतला, दोन तास बसले. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी अर्ज तपासला, शिक्का उचलला आणि मध्येच थांबल्या. कारणाच्या रकान्यात चार ओळींची जागा होती. साहेबांनी तिथे अर्धीच ओळ लिहिली होती: माझा मित्र राहायला आला आहे.

बाईंनी काचेखालची यादी काढली. कुटुंबात वाढ, विवाह, व्यवसाय बंद, मृत्यू. यातलं एक लिहावं लागतं, त्या समजावून म्हणाल्या, आणि तुमचं कारण यादीत नाही.

"ती यादी मीच केली होती," शेरेसाहेब म्हणाले. "तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही."